साखरपुड्याची अंगठी: डावा हात की उजवा? आपापले किस्से सांगा

पेठेतली_पमा
रविवारी भाचीचा साखरपुडा झाला, कर्वे रोडच्या एका हॉलमध्ये. अंगठ्या घालायची वेळ आली आणि गुरुजी म्हणाले, "उजवा हात पुढे करा." फोटोग्राफर खुर्चीवर चढलेला, तो तिथून ओरडला, "लेफ्ट, लेफ्ट! सगळे लेफ्टच घेतात मॅडम." भाचीचे दोन्ही हात पुढे, जावई अंगठी चिमटीत धरून मध्येच उभा. मुलाची मावशी म्हणे, आमच्यात मुलीला डाव्या आणि मुलाला उजव्या. आमची वहिनी गप्प बसेल तर शपथ. ती म्हणे, आमच्यात तर अंगठीच नव्हती, साडी, ओटी आणि साखरेचा पुडा, संपलं. एवढ्यात केटररचा माणूस विचारायला आला, "पुऱ्या सोडू का?" मग फटकन डावा हात ठरला.

मला माझा आठवला. १९९३, नारायण पेठेतला वाडा, चपला जिन्यापर्यंत. ह्यांनी माझ्या उजव्या हातात अंगठी घातली, कारण डाव्याच्या बोटाला ही एवढी चिंधी बांधलेली. आदल्या संध्याकाळी नारळ खवताना विळीवर कापून घेतलं होतं. बोट आठ दिवसांत बरं झालं, अंगठी मात्र उजव्यातच राहिली. वरणभात खाताना कोंदणात शितं अडकायची, तरी राहिली. गंमत पुढेच आहे. सहा वर्षांनी धाकट्या जाऊबाई आल्या, त्यांच्या साखरपुड्यात सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आपल्या घरात उजव्या हातात घालतात." मी ह्यांच्याकडे बघितलं, हे छताकडे. जाऊबाईंनी तीच रीत पुढे मुलीला सांगितली आहे. विळीचं कोणाला माहीत नाही. आज इथे फोडतेय.

तुमच्याकडे काय?

कणकेचा_उंडा
हाहाहा विळी 🙏 आमच्याकडे डावा. का ते विचारू नका. मी कणीक मळताना काढून ठेवते... अगं बाई. हे लिहिताना हात बघितला, अंगठी नाहीये! थांबा, आलेच.

सीएनसी_वाला
कोणत्याच नाही. भोसरीत मशीनवर उभा असतो. अंगठी, घड्याळ, कडं, सैल बाही, सगळ्याला बंदी, आणि बरोबर आहे ते. एकाची अंगठी मशीनवर फिरणाऱ्या जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, अडकली होती, मी दहा फुटांवर होतो. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील. माझी देवघरात अन्नपूर्णेशेजारी असते. बायको म्हणते देवीचं लग्न झालंय तुझ्या अंगठीशी. दसऱ्याला घालतो, दुपारपर्यंत.

स्टुटगार्टची_सून
इथे जर्मनीत उलटं आहे! साखरपुड्याची डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या हातात. मी आपली पुण्याहून डाव्या हातात घालून आलेली, गळ्यातलं घरी ठेवलेलं. ऑफिसातल्या एका बाईने पहिल्याच महिन्यात विचारलं, लग्न कधी आहे? म्हटलं झालं की, तीन वर्षं झाली. ती इतकी ओशाळली की दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली. पोलंड, रशिया, नॉर्वे, ग्रीस, तिकडेही उजवाच. माझ्या टीममधला ब्राझीलचा मुलगा म्हणतो त्यांच्याकडे आधी उजव्यात, मग लग्नात डाव्यात सरकवतात. म्हणजे कोणाच्या हातावरून काही ठरवायला जाऊ नका.

नवऱ्याला म्हटलं आपणही उजव्यात घालू या. तो म्हणे माझी पुण्यात आईच्या लॉकरमध्ये आहे.

बिनसाखरेचा
लॉकर 😂 सगळ्यांच्या अंगठ्या तिथेच.

सोनारकाम
दोन पिढ्या हेच करतोय म्हणून सांगतो. माप देताना कोणत्या हातात घालणार ते आधी सांगत जा हो. ज्या हाताने काम करता त्याचं बोट बहुतेक वेळा थोडं जाड असतं. गिऱ्हाईक उजवा हात पुढे करतं, घालतं डाव्यात, आणि महिन्याने येतं की मोरीत पडली. उन्हाळ्यात बोटं फुगतात, थंडीत बारीक होतात. हे नवरानवरींना कोणी सांगत नाही, म्हणून मे महिन्यातलं माप डिसेंबरला सैल होतं. सैल झाली तर मागून कापून तुकडा काढतो नि डाख देतो, जास्त काही नसतं त्यात. पण बोटाला दोरा गुंडाळून मापाला आणू नका, दोरा ताणतो. दुसरं, हिऱ्याची अंगठी २२ कॅरेटमध्ये मागतात. ते सोनं मऊ, खड्याचे दात वाकतात. १८ घ्या. आणि हॉलमार्कच्या शेजारचा सहा अक्षरांचा कोड बघून घ्या, घडणावळीवर घासाघीस करण्यात सगळा वेळ जातो आणि तेवढं राहून जातं.

वारजे_टू_विमाननगर
लक्ष्मी रोडला खरेदीला जायचंय पुढच्या शनिवारी, चारचाकी कुठे लावायची? सिरियसली.

पेठेतली_पमा
घरी लावायची 😀

वारजे_टू_विमाननगर
सासूबाई आहेत बरोबर. गुडघे.

पंचहौदकर
आम्ही मराठी ख्रिस्ती, गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवळातले. आमच्यात डावा, अगदी ठरलेला. पण आजोबा सांगायचे की इंग्लंडातही आधी उजवाच होता. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात डावा लिहिला गेला आणि तोच साहेबाबरोबर इकडे आला. आमच्याकडे अंगठी आणि मंगळसूत्र दोन्ही. माझ्या लग्नात पाळकसाहेबांनी अंगठी मागितली तर करवल्याने खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. अंगठी दुसऱ्या खिशात होती, पण त्या अर्ध्या मिनिटात सासरे पांढरे पडले.

बिनसाखरेचा
पंचहौद म्हणजे तो चहावाला का? टिळक-रानडे?

पंचहौदकर
तोच. १८९०. आमच्या मिशनमध्ये चहा प्यायले म्हणून टिळक, रानडे आणि मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्ताचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आजही कोणी पाहुणा आला की वडील कप पुढे करून म्हणतात, "घ्या, आता काही होत नाही."

बिनसाखरेचा
वडिलांना दंडवत. बिस्किटं पण होती म्हणतात.

पंचहौदकर
बिस्किटांचं पाप वेगळं मोजलं असणार.

लाल_देवळाजवळ
वाचून राहवलं नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, माहेर रास्ता पेठ. आमच्यात ना डाव्यात ना अनामिकेत. लग्नाच्या वेळी नवरा नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो. कारण तेच बोट उचलून चारचौघांना दाखवता येतं, असं आजी म्हणायची. अंगठी साधी, बिनखड्याची. खडा असला तर खरी किंमत कळत नाही, आणि नवरीला फसवल्यासारखं नको. शिवाय ती नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीची हवी, उसनी आणलेली चालत नाही. वरच्या सोनारकाकांना आवडेल हे.

नंतर रोज तर्जनीत कोण घालणार, भाजी चिरता येत नाही. मीही दुसऱ्या दिवशी अनामिकेत सरकवली.

सोनारकाम
आवडलं. आमच्याकडे उसन्या अंगठीवर साखरपुडा उरकून मग मोडायला येणारे पाहिलेत. नावं सांगत नाही.

डावखुरी_बाई
गुरुजी म्हणाले उजवा, मी सवयीने डावा पुढे केला. सगळ्यांना वाटलं इंग्रजी पद्धत. अहो मी डावखुरी आहे! मग आत्या पुटपुटल्या, डाव्या हातात शुभ गोष्ट घेऊ नये. लहानपणापासून तेच, प्रसाद उजव्या हातात घे, तीर्थ उजव्या हातात घे, पेन्सिल उजव्या हातात धर. अंगठी तरी माझ्या हातात घालू द्या की. आता डाव्याच हाताने लिहिते, त्याच हाताने पोळ्या लाटते, त्यामुळे अंगठीचा खालचा भाग झिजून तारेसारखा झालाय.

गुरुजींचं म्हणणं खोटं नव्हतं तसं. पूजेत दर्भाचं पवित्रक, म्हणजे गवताची अंगठीच, उजव्या अनामिकेत घालतात, त्यांना तेच बोट सुचणार.

भूलवाली
ऑपरेशनआधी अंगठ्या काढायला लावणारी ती दुष्ट बाई मीच. "वीस वर्षांत काढली नाही हो" हे वाक्य आठवड्यातून चार वेळा ऐकते. काढावीच लागते, हात सुजला तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. ट्रिक लिहून ठेवा: हात थोडा वेळ उंच धरा, गार पाणी, साबण. तरी नाही निघाली तर शिवणाचा दोरा अंगठीखालून तळहाताकडे ओढून घ्या, उरलेला दोरा अंगठीपासून पेराच्या पलीकडेपर्यंत घट्ट, जवळजवळ गुंडाळा, मग तळहाताकडचं टोक धरून उलगडत जा. अंगठी दोऱ्यावरून सरकत येते. बोट निळं पडलं असेल तर हे खेळ नकोत, सरळ दवाखाना, कापून काढतात.

आणि डाव्या अनामिकेतून थेट हृदयाला शीर जाते वगैरे मेसेज सासूबाईंच्या ग्रुपवर आला होता. रोमन लोकांची जुनी समजूत आहे ती. शिरा सगळ्या बोटांना सारख्याच आहेत. मी तसं ग्रुपवर लिहिलं. त्यानंतर मला फक्त गुड मॉर्निंग येतं.

प्रभात_रोडचा_म्हातारा
आमच्या वेळी पुरुषांनी अंगठी घालायची म्हणजे सासऱ्याने दिलेली, आणि तीही सणापुरती. मला कधी सवय झाली नाही. सौ. मागच्या श्रावणात गेली. दवाखान्यातून तिची अंगठी कागदाच्या पुडीत दिली, वर बेड नंबर लिहिलेला. तिची बोटं नाजूक. माझ्या करंगळीत पेरापर्यंतच जाते. डाव्या. उजव्यात बसली नाही, उजवी करंगळी क्रिकेटमध्ये मोडलेली, वाकडी आहे. मुलगी म्हणते मोठी करून घ्या बाबा. मी राहू दे म्हटलं.

पेठेतली_पमा
काका 🙏

कणकेचा_उंडा
काका, नमस्कार. (अंगठी अजून सापडली नाही. कचरा बघितला. पिठाचा डबा चाळला.)

सोनारकाम
काका, मोठी करू नका. पेरावर सैल वाटायला लागली तर आतून लहानशी पट्टी बसवता येते, कापावी लागत नाही. कधीही या.

स्टुटगार्टची_सून
रशियन शेजारीण सांगत होती, त्यांच्याकडे जोडीदार गेल्यावर अंगठी उजव्यातून डाव्यात घेतात. काकांचं वाचून आठवलं.

सीएनसी_वाला
आज घरी जाऊन देवघरातली काढतो. रविवारी तरी.

वारजे_टू_विमाननगर
पार्किंगचं कोणी सांगितलं नाही 😑

पंचहौदकर
मेट्रो घ्या. मंडईला उतरा, सरकते जिने आहेत, गुडघ्यांना बरं. गाडीच न्यायची असेल तर मंडईजवळचं मिनर्वा, पण अकराच्या आत पोहोचा.

वारजे_टू_विमाननगर
धन्यवाद! देवासारखे आलात. चहा माझ्याकडून.

पंचहौदकर
बघा हं, प्रायश्चित्त लागेल.

पेठेतली_पमा
अपडेट. जाऊबाई इथे वाचतात हे मला माहीत नव्हतं. आत्ता फोन आला. पंचवीस वर्षं उजव्या हाताने शितं काढत बसले त्याचं काय, म्हणतात. अर्धा तास झाला, दोघी हसतोय. लेकीला सांगणार नाही म्हणाल्या, तिचा साखरपुडा जानेवारीत आहे, उजव्या हाताचं माप देऊन झालंय.

कणकेचा_उंडा
सापडली!!! तिसऱ्या पोळीत. मुलाच्या डब्यात गेली होती, शाळेतून बाईंचा फोन. दात शाबूत आहे.