मनातल्या मनात चाललेलं पण वर्तनच का?

पेठेतली_पोर:
नमस्कार, एसवायला सायकॉलॉजी स्पेशल घेतलंय. काल मॅडम म्हणाल्या वर्तन दोन प्रकारचं, प्रकट आणि अप्रकट, आणि विचार करणं, आठवणं, आतल्या आत चिडणं हे सगळं अप्रकट. मी इथेच अडकलीये. जे कुणाला दिसतच नाही त्याला वर्तन कसं म्हणायचं? परवा स्वारगेटहून बसने येताना शेजारच्या काकूंचा चेहरा एकदम शांत, पण पर्सची चेन सारखी उघड-बंद, उघड-बंद, पार डेक्कन येईपर्यंत. निरीक्षणाच्या जर्नलमध्ये 'काकू टेन्शनमध्ये होत्या' असं लिहिलं तर चालेल का?

सिंहगडरोडकर:
नाही चालणार. चेन उघडली हे निरीक्षण, टेन्शन हा तुझा अंदाज, दोन्ही वेगवेगळं लिही. आता मूळ प्रश्न. वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1913 मध्ये ठणकावून सांगितलं की मानसशास्त्राने दिसतं, मोजता येतं तेवढंच बघावं, अंतर्निरीक्षण, म्हणजे स्वतःच्या मनात डोकावून बघणं, बंद. पण मग विचारांचं काय करायचं, तर तो म्हणाला विचार म्हणजे घशातल्या घशात केलेलं बोलणंच. 1930 च्या सुमारास जेकबसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने लोकांना स्वस्थ पडायला सांगून हात वाकवल्याची नुसती कल्पना करायला लावली, तर त्या हाताच्या स्नायूत बारीकसा विद्युत प्रवाह सापडला! म्हणजे 'अप्रकट' हे बऱ्याचदा आपल्याकडे यंत्र नाही म्हणून अप्रकट असतं. पण वॉटसनचं म्हणणं पूर्ण टिकलं नाही. 1947 मध्ये एका डॉक्टरने स्वतःला क्युरारे, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध, टोचून घेतलं, सगळे स्नायू लुळे, श्वासही मशीनवर, आणि नंतर त्याने सांगितलं की पूर्ण वेळ मी शुद्धीत होतो, सगळं कळत होतं. स्नायू हलले नाहीत तरी विचार चालूच.

कोथरूडची_आई:
मी शिकलेय मानसशास्त्र पण मला हे कळलं ते घरी. लेक दुसरीत आहे. मागच्या वर्षी सातचा पाढा ओट्याशी उभा राहून मोठ्याने म्हणायचा, दिवाळीनंतर नुसते ओठ हलायला लागले, आता ओठही हलत नाहीत, फक्त 'साती साते' ला अडकला की उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटतं आणि मग एकदम एकोणपन्नास. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलंय, मूल आधी दुसऱ्यांशी बोलतं, मग स्वतःशी मोठ्याने, मग तेच बोलणं आत जातं. पाढा तोच, मुलगा तोच. मग मोठ्याने म्हटला तर वर्तन आणि मनात म्हटला तर नाही, असं कसं म्हणणार?

सिंहगडरोडकर:
ताई, फार छान सांगितलंत. वॉटसननंतरचा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरही साधारण असंच म्हणायचा, कातडीच्या आत घडतं म्हणून ते वेगळ्या जातीचं होत नाही. त्याचं दातदुखीचं उदाहरण वाच गं, @पेठेतली_पोर. दुखणं फक्त ज्याचं त्यालाच कळतं, पण 'दुखतंय' हा शब्द पोराला आईच शिकवते, गाल सुजलेला बघून. म्हणजे आतलं ओळखायला आपण शिकतो ते बाहेरच्या खुणांवरूनच.

पेठेतली_पोर:
आता डोक्यात शिरलं, दोघांनाही मनापासून थँक्यू. 'टेन्शन' खोडलं, पण लिहायला बसले तर कळलं की चेन किती वेळा उघडली ते मी मोजलंच नव्हतं. आणि काकूंना 'काही हरवलंय का' एवढंही विचारलं नाही. उद्या परत त्याच वेळची बस पकडते, वही घेऊन.