चित्रं बघून जुना कपडा कळतो का?

मांजरपाट: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'जुन्या कपड्यांच्या अभ्यासाला चित्रं, शिल्पं आणि दप्तरातल्या याद्या पुरतात. सूत कातून, शिवून बघणं हा छंद, संशोधन नव्हे.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. चित्रकार चुण्या रंगवतो, शिवण नाही. काखेत जोडलेला चौकोनी तुकडा कुठल्या चित्रात दिसतो? हात वर केल्यावर बाही फाटत नाही ती त्याच तुकड्यामुळे. आणि आतले कपडे? ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात 2008 साली फळ्यांच्या जमिनीखाली कापडाचे दोन हजारांवर तुकडे निघाले. त्यात 15व्या शतकातल्या, थेट आजच्या ब्रासारख्या बेतलेल्या लिननच्या चोळ्या! चित्रांवर विसंबलेल्यांना त्यांचा पत्ताच नव्हता.

दप्तरी: 'कुणीतरी' म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. जमिनीतून निघालेलं कापडही अर्धंच बोलतं. आम्लयुक्त दलदलीत लोकर टिकते, जवसाचा म्हणजे लिननचा धागा विरतो. डेन्मार्कमध्ये हुल्ड्रेमोसच्या दलदलीत 1879 मध्ये सापडलेल्या प्राचीन बाईच्या मृतदेहावर लोकर आणि कातडं तेवढं उरलं होतं. आतल्या कपड्याच्या फक्त खुणा. शिवाय रोजचे कपडे लोक चिंध्या होईपर्यंत घालत आणि चिंध्यांचा कागद होई. संग्रहालयात उरलं ते ठेवणीतलं. मयताच्या सामानाच्या यादीत फाटका सदराही असतो.

चातीवाली: रंगाचं विसरलात. निळीवर पिवळा चढवून केलेला हिरवा उन्हाने निळा पडतो, कारण पिवळा आधी उडतो. भरतकामाची उलटी बाजू बघितली की खरा हिरवा भेटतो. पण उलटी बाजू दाखवतंय कोण? एका संग्रहालयाला तीनदा लिहिलं, आतल्या शिवणीचा एक फोटो द्या. तिन्ही वेळा पुतळ्यावर चढवलेल्या कपड्याचा समोरून काढलेला फोटो आला. अभ्यास काय कपाळाचा करायचा?

धोटा: करून बघणाऱ्यांची बाजू मीही घेते. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेले लाल लोकरीचे, अंगठा वेगळा असलेले मोजे मी दोन सुयांवर विणून बघितले. हुबेहूब जमले. म्हणजे 3ऱ्या-5व्या शतकात सुयांवर विणत होते, हे सिद्ध झालं की!

मांजरपाट: काहीही सिद्ध झालं नाही! ते मोजे नालबाइंडिंगचे आहेत. नेढ्याची एकच सुई, आणि प्रत्येक फासातून अख्खा धागा ओवून काढायचा. सुयांवरचा पीळ दिलेला सुलट टाका वरून अगदी तसाच दिसतो, म्हणून तर ते मोजे कित्येक वर्षं सुयांवरचे समजले गेले. तीच चूक तुम्ही परत करताय.

धोटा: आवाज खाली. 40 वर्षं विणतेय मी, टाके मला शिकवू नका.

मांजरपाट: सुयांवर 40 वर्षं. ही सुई कधी हातात धरली? माझा पहिला मोजा तीन वेळा टाचेशी बिघडला, रडकुंडीला आले होते. पण तेव्हाच कळलं. अख्खा धागा ओढायचा म्हणून तो हात-दोन हातच घेता येतो. संपला की टोकं ओली करून तळहातांत चोळायची, लोकर एकजीव होते. मोजा उलटा करून बोट फिरवा, ठरावीक अंतरावर जाडसर लागतं. सुयांवरच्या मोज्यात गुंडा संपेपर्यंत असा जोड येत नाही. आणि एक टाका तुटला तरी नालबाइंडिंग सरसर उसवत नाही.

चातीवाली: बघा, पुन्हा उलटी बाजू. मी काय म्हणत होते?

दप्तरी: ते जोड कुठल्याही यादीत सापडले नसते, एवढं मान्य करतो. छंद हा शब्द मागे घेतो. पण मोजा कुणी घातला, कितींदा रफू केला, कुणाला वारशात दिला, हे तुमची सुई सांगणार नाही. त्यासाठी कागदच लागेल.

मांजरपाट: रफू मात्र मोज्यावरच दिसतं. बाकीचं मान्य.

धोटा: रात्री माझ्या मोज्याचा टाचेपाशी एक टाका कापला आणि धागा ओढला. पीळ दिलेले टाके असूनही तीन ओळी हातात आल्या. तुमच्या पद्धतीने एक तुकडा करून बघते. सुई हाडाची घेता की लाकडाची, आणि नेढं केवढं? आवाजाबद्दल बोलले ते मात्र मागे घेत नाही.