मदत हवी आहे: सरांच्या मताविरुद्ध निबंध लिहिला म्हणून गुण कमी?

नमस्कार. मी नागपुरात राज्यशास्त्रात एमए करते, दुसरं वर्ष. आमचे एक सर वेगळ्या विदर्भाचे कट्टर समर्थक आहेत आणि वर्गात ते लपवत नाहीत. मीही त्याच मताची. राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती हे आजोबांकडून लहानपणीच ऐकलं होतं, पण तो अहवाल उघडून वाचायला लावला सरांनी. इतक्या तळमळीने शिकवणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

अंतर्गत मूल्यमापनात याच विषयावर २० गुणांचा निबंध होता. मला १७ मिळाले. माझी रूममेट सांगलीची. तिने संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने लिहिलं, तिला ९. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले. माझ्यात आवेश जास्त, पुरावा कमी. तिने विदर्भाला विकासात न्याय्य वाटा देण्याचं आश्वासन देणारा १९५३ चा नागपूर करार, राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मधली विकास मंडळं, प्रादेशिक असमतोलावरचा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, सगळं नीट मांडलंय. करार पुरता पाळला गेला नाही हेही तिने कबूल केलंय. फक्त त्यावर उपाय करार पाळायला लावणं हा आहे, राज्य तोडणं नाही, असं तिचं म्हणणं. निबंध परत देताना सर एवढंच म्हणाले, "पुस्तकातलं सांगून राहिली तू. इथं राहून पाहा."

सरांना मत असू नये असं मी म्हणत नाही. वर्गात ते बोलतात तेव्हा आम्ही उलट वाद घालतो, त्यांना तो आवडतोही. गुणांशी वाद कसा घालायचा? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांसाठी आचारसंहिता आहे. विद्यार्थ्याच्या मत मांडण्याच्या हक्काचा आदर करावा, राजकीय भेद न पाहता निष्पक्ष वागावं, असं त्यात स्पष्ट आहे. ते दाखवून बोलावं का, की सर दुखावतील?

शिकवणाऱ्यांनी किंवा यातून गेलेल्यांनी सांगा: अंतर्गत गुण दुसऱ्या प्राध्यापकांकडून तपासून मागता येतात का? आधी सरांना भेटावं की थेट विभागप्रमुखांना? मी त्यांच्याच बाजूची, त्यामुळे माझं ऐकतील असं वाटतं. पण रूममेट म्हणते, "जाऊ दे गं, अजून एक सेमिस्टर त्यांच्याच हाताखाली काढायचंय." तिच्या मनाविरुद्ध मी बोलणं बरोबर आहे का?

पुढच्या आठवड्यात गुण विद्यापीठाकडे जातील, म्हणून जरा घाई आहे.