प्रति: हिस्लॉपची टिपणं
वर तुम्ही म्हणता की मिशनऱ्यांच्या कागदांत बाटवलेल्यांचे आकडे सोडून काही नसतं. आमच्या नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपची टिपणं एकदा चाळा.

हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचाच. १८४५ मध्ये नागपुरात आला, पुढच्याच वर्षी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजला त्याचंच नाव आहे. शाळा, प्रवचनं हे सगळं होतंच, पण गड्याचा जीव दगडांत! सहकारी हंटरसोबत त्याने नागपूरच्या आसपास जीवाश्म गोळा केले. हिस्लोपाइट नावाचं खनिजही त्याच्यावरूनच.

पण मला खरं मोल वाटतं ते गोंडांवरच्या टिपणांचं. गोंडांचा दैवी पूर्वज लिंगो याचं लांबलचक गीत त्याने एका परधानाकडून (गोंडांच्या परंपरागत गायकाकडून) ऐकून उतरवून घेतलं, मूळ गोंडी शब्दांसकट. त्यात त्याचे पूर्वग्रह डोकावतात, ते मान्य. तरी ते शब्द कागदावर आले, हे विसरून कसं चालेल? (त्या परधानाचं नाव मात्र कुणी ठळक छापलं नाही. ही माझी जुनी तक्रार.)

ही टिपणं त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ ला नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) पाहून घोड्यावरून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. मागे राहिलेली हस्तलिखितं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये छापली. त्याच टाकळघाटला पुढे १९६८ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं.