लायब्ररी सोडून ‘टॅक्सॉनॉमी’च्या नोकरीला जावं का? (पुणे, एम.लिब., ३ वर्षं अनुभव)

कार्डकॅटलॉग_कोथरूड

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणारे, आधीच सांगून ठेवते.

मी एम.लिब. केलंय, गेली ३ वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत कंत्राटावर आहे, म्हणजे ११ महिन्यांची ऑर्डर, मधे ब्रेक, परत ११ महिने, आणि त्या ब्रेकमध्ये पण ‘जरा येऊन जा ना, कॉलेज तपासायला नॅकची कमिटी येतीये’ असा फोन येतोच. पगाराचं सोडा. तर झालं असं की मैत्रिणीने खराडीच्या एका कंपनीची जाहिरात पाठवली, पद ‘टॅक्सॉनॉमी अ‍ॅनालिस्ट’, म्हणजे वस्तूंना वर्ग लावायचं काम, पात्रतेत चक्क ‘लायब्ररी सायन्स चालेल’ लिहिलेलं, म्हणून गंमत म्हणून अप्लाय केलं आणि त्यांनी टेस्टच पाठवली. एक्सेल शीट, २०० ओळी, प्रत्येक ओळीत कुठल्यातरी कारखान्याच्या खरेदीतली एक वस्तू, वर्णन अर्धवट (एका ओळीत नुसतं ‘पाइप १ इंची जुन्यासारखा’ एवढंच होतं, शप्पथ), आणि ३ तासांत प्रत्येकीला वर्ग लावायचा. मी १६० लावले. उरलेल्या ४० समोर लिहिलं की माहिती पुरत नाही, अमुक अमुक विचारावं लागेल. वाटलं गेला चान्स, पण आता दुसऱ्या राउंडला बोलावलंय, येत्या गुरुवारी.

बाबा म्हणतात सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, काढ, पर्मनंट लायब्ररियनची वाट बघ. आईला एवढंच हवंय की शेजारी सांगायला सोपं काहीतरी असावं.

मला विचारायचंय की हे खरंच करिअर आहे, का नाव मोठं आणि काम डेटा एंट्रीचं? एआय आल्यावर हे काम राहणारे का? आणि इंटरव्ह्यूत काय विचारू? याच लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज लिहा.

सदाशिव_स्पष्ट

बाबांचं ऐका. सेटचा फॉर्म भरा. वस्तूंची नावं लिहायला एम.लिब. कशाला लागतं, आमच्या कोपऱ्यावरचा वाणी तीस वर्षं बिनचूक करतोय.

भोसरी_स्टोअर्स

वाण्याच्या डोक्यात असतं हो ते, वाणी गावाला गेला की दुकान बंद. आमच्याकडे तीन शिफ्ट असतात.

ताई, मी भोसरीत एका कारखान्यात स्टोअर्स आणि परचेस मिळून १४ वर्षं काढली, आता मटेरियल मास्टर, म्हणजे सगळ्या मालाच्या कोडची यादी, बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हणजे अगदी साधी वस्तू, आतलं भोक २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५, कुठल्याही मोटरमध्ये सापडेल. हे आमच्या सॅपमध्ये (मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) सात नावांनी बसलं होतं. कोणी नुसतं ‘बेअरिंग ६२०५’, कोणी ‘बीआरजी बॉल’, कोणी ब्रँडचं नाव आधी, एका महाशयांनी स्पेलिंगच चुकवलेलं, आणि एकाने तर ‘कन्व्हेयरचं छोटं बेअरिंग’ असा कोड काढलेला. एका शनिवारी नाइटला कन्व्हेयर बसला, पोराने कोड टाकला, स्टॉक शून्य. रविवारी दुकानं बंद, पिंपरीतल्या एका डीलरला झोपेतून उठवून वाढीव पैसे देऊन माल आणला. सोमवारी रॅक मोजला तर दुसऱ्या कोडखाली १४ नग, मी माझ्या हाताने धूळ पुसलीये त्यांची.

पण खरी गंमत पुढे आहे. मग साहेब म्हणाले डुप्लिकेट काढा, आणि पोरांनी उत्साहात सगळे ६२०५ एकाच कोडखाली कोंबले. आता २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील आणि झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं शील्ड. माप तेच, काम वेगळं. कूलंट उडतं त्या जागी झेडझेड बसलं, आत पाणी गेलं, पंधरा दिवसांत बेअरिंग खडखडायला लागलं. डुप्लिकेट कोडने पैसा अडकतो, पण न विचारता एक केलेल्या कोडने मशीन बसतं. म्हणून ती ४० ओळींची शंका बघून माझा जीव सुखावला, २०० च्या २०० भरणाऱ्याला मी घेतला नसता.

आता आमच्याकडे आधी नाम मग विशेषण, ‘बेअरिंग, बॉल’, मग ठरलेल्या क्रमाने भोक, बाहेरचा व्यास, जाडी, सील, क्लिअरन्स, आणि यातली एक जागा रिकामी असली तरी नवीन कोड निघत नाही. वर यूएनएसपीएससीचा, म्हणजे जगभर चालणाऱ्या वस्तू-वर्गीकरणाचा, ८ आकडी कोड, दोन-दोन आकड्यांच्या चार पायऱ्या, सेगमेंट, फॅमिली, क्लास, कमोडिटी. लायब्ररीतल्या ड्यूई पद्धतीचे आकडे पाठ असलेल्या माणसाला हे आठवड्यात अंगवळणी पडतं.

एक टीप, कारखान्यांत टॅक्सॉनॉमी हा शब्द कोणी उच्चारत नाही. चाकण-रांजणगावकडे शोधायचं तर ‘मास्टर डेटा’, ‘एमडीएम’, ‘मटेरियल कोडिफिकेशन’ असं टाकून शोध.

वरईचा_भात

मी विमाननगरहून, आता बहुतेक दिवस घरूनच, किराणा विकणाऱ्या एका ॲपसाठी हेच काम करते. कारखान्याइतकं जड नाही पण डोक्याला तेवढाच ताप.

उदाहरण देते. भगर. कोणी भगर शोधतं, कोणी वरई, कोणी वरीचे तांदूळ, बाहेरून पुण्यात आलेले अजून तिसरंच काही टाइप करतात, आणि आमच्याकडे ती ‘तांदूळ’मध्ये होती कारण पाकिटावर तांदूळ लिहिलेलं. मग बासमतीचं फिल्टर लावून बघणाऱ्याला भगर दिसायची आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी भगर शोधणाऱ्याला ‘काही सापडलं नाही’. उपाय काय, तर वस्तू एकच, तिचं एक मुख्य नाव आणि बाकीची पर्यायी नावं त्याच वस्तूला बांधलेली. याचं रीतसर स्टँडर्ड आहे, एसकेओएस, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००९ मध्ये मंजूर केलेलं, त्यात हे प्रेफरड लेबल आणि ऑल्टरनेट लेबल असंच येतं. ‘रुंद संज्ञा, अरुंद संज्ञा, संबंधित संज्ञा’ तुम्ही थिसॉरसच्या पेपरला घोकलं असेल ना, तेच हे, नुसते कपडे बदललेत.

मग मार्केटिंगवाले म्हणाले ‘उपवास’ अशी कॅटेगरीच करा. यावर आम्ही तीन मीटिंगा भांडलो. शेंगदाणे उपवासात टाकले तर रोजच्या कुटासाठी घेणाऱ्याने कुठे बघायचं? बटाटा? आणि बरं, उपवासाला काय चालतं हे कोण ठरवणार, माझ्या सासरी कोथिंबीर चालते, माहेरी चालत नाही! शेवटी उपवास ही कॅटेगरी न ठेवता गुणधर्म म्हणून लावला, म्हणजे वस्तू आपापल्या जागी राहते आणि उपवासाचं फिल्टर लावलं की सगळ्या जागांवरून गोळा होऊन समोर येते. हे फॅसेट. आणि हे कोणाचं डोकं, तर तुमच्या लायब्ररी सायन्सवाल्या रंगनाथनांचं, १९३३ चं कोलन क्लासिफिकेशन. लंडनच्या दुकानात मुलांचा मेकॅनो (तुकडे जोडायचं खेळणं) बघून त्यांना सुचलं म्हणे, एकाच पुस्तकाला एक ठरीव खण देण्यापेक्षा तुकडे जोडून नंबर बनवायचा. आमच्या ऑफिसात परदेशी ट्रेनर फॅसेटवर दोन दिवस बोलला आणि रंगनाथन हे नाव शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात, मी एकटीच हसत होते.

तेव्हा मुलाखतीत ‘मी फक्त लायब्ररीत होते’ असं ओशाळून बोलू नकोस गं. उलट सांग की कॅटलॉगमध्ये लेखकाचं एकच नाव तीन तऱ्हांनी आलेलं तू कसं एक केलंस.

शिकायचं म्हणशील तर एक्सेल नीट शिक, पिव्हट वगैरे, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आणि डेटा साफ करायचं ओपनरिफाइन फुकट आहे, त्यात क्लस्टर नावाचं बटण आहे, एकसारखी पण वेगवेगळी लिहिलेली नावं ते शोधून समोर ठेवतं. ठेवतं फक्त हं, एक करायची की नाही ते आपण बघायचं, वर बेअरिंगवाल्या दादांनी लिहिलंय तसं. सर्टिफिकेटवर आत्ता पैसे घालू नकोस.

जीएसटी_त्रस्त

मी अकाउंट्सवाला, विषय थोडा बाजूचा आहे पण राहवत नाही. वस्तू कुठल्या वर्गात, याने काय फरक पडतो असं कोणी म्हटलं की मी पराठा सांगतो. २०२० मध्ये कर्नाटकच्या ॲडव्हान्स रुलिंगने, म्हणजे जीएसटी किती ते आधीच सांगणाऱ्या प्राधिकरणाने, पॅकबंद पराठ्याला रोटीच्या ओळीत बसवायला नकार दिला, रोटीला ५ टक्के, पराठ्याला १८. पीठ तेच, तवा तोच! सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही शून्यावर आले तेव्हा कुठे भांडण मिटलं. ज्यावरून वस्तूचा जीएसटी ठरतो तो एचएसएन कोड म्हणजे टॅक्सॉनॉमीच की, फक्त चुकली तर नोटीस येते.

मगरपट्टा_माजी

सगळे गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहितो. मी दोन वर्षं ‘टॅक्सॉनॉमी स्पेशालिस्ट’ होतो, एका कंपनीत, नाव घेत नाही. काम काय, तर रोज ४०० ओळींचं टार्गेट, ड्रॉपडाउनमधून वर्ग निवडायचा, पुढची ओळ. शंका लिहायला कॉलमच नव्हता. बसत नसेल तर ‘इतर’. मी सोडलं तेव्हा ‘इतर’ हाच आमचा सगळ्यात मोठा वर्ग होता आणि क्लायंटला दाखवायच्या चार्टमधून तो गुपचूप वगळला जायचा. हे काम एआयने खाल्लं, आणि खरं सांगू, वाईट वाटलं नाही, कारण ड्रॉपडाउनमधून निवडायचं काम मशीनला झटकन जमतं.

मशीनला काय जमत नाही ते नंतर कळलं. मी आता एका बँकेच्या कामावर डेटा गव्हर्नन्समध्ये आहे. तिथे ‘ग्राहक’ म्हणजे कोण यावर भांडण चाललंय. कर्जवाल्यांच्या मते अर्ज केला की ग्राहक, खातं बघणाऱ्यांच्या मते खातं उघडलं की, आणि एका घरातले तिघं जॉइंट असले तर एक ग्राहक का तीन? सोमवारच्या रिपोर्टमध्ये दोन विभागांचे दोन आकडे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. एआयला विचारलं तर तो छान व्याख्या लिहून देतो, पण दोन्ही विभागप्रमुखांना एका खोलीत बसवून एका व्याख्येवर सही घ्यायची, ते काम माणसालाच करावं लागतं. त्यात २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून कुठल्या कॉलममध्ये कोणाची वैयक्तिक माहिती आहे हे आधी ओळखून ठेवा म्हणून मागे लागलेत, म्हणजे परत वर्गीकरणच.

म्हणून गुरुवारी एकच विचार, नवीन वर्ग काढायचा झाला तर मंजुरी कोण देतं, आणि माझी शंका कोणापर्यंत जाते. समोरचा नाव सांगू शकला तर जा. ‘ते क्लायंट बघतो’ म्हणाला तर समजा ड्रॉपडाउन आहे, आणि मग सेटचा फॉर्म भरलेला बरा. पगाराच्या आकड्याआधी रोजचं टार्गेट विचारा.

सदाशिव_स्पष्ट

मी पहिल्यांदाच फॉर्म भरा म्हटलं होतं.

कार्डकॅटलॉग_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार, गुरुवार झाला म्हणून अपडेट.

दोघं होते, एक एचआर आणि एक लीड बाई, चाळिशीच्या. माझी शीट प्रिंट काढून आणलेली, ४० ओळींवर पिवळा हायलाइट. लीड बाईंनी तो जुन्यासारखा पाइप काढला आणि विचारलं, कोणाला विचाराल? मी म्हटलं परचेसला नाही, स्टोअरकीपरला, कारण जुना त्याने हातात घेतलेला असतो. यावर त्यांनी नुसती मान हलवली, काय समजायचं कळेना. मग मी मंजुरीचं विचारलं. एचआर गोंधळला. बाई म्हणाल्या, पाच जणांची टीम आहे, दर मंगळवारी बसतात, क्लायंटकडची दोन माणसं असतात, वाद झाला तर शेवटचा शब्द त्यांचा, पण का ठरलं ते लिहून ठेवायचं बंधन आहे. ते रजिस्टर दाखवलं पण, एक साधी एक्सेल. त्यात ‘कारण’ या कॉलममध्ये पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘चर्चेनुसार’ लिहिलेलं. मी बोलून गेले की हे कोणाला कळणार नाही दोन वर्षांनी. एचआरचा चेहरा पडला, बाई हसल्या.

टार्गेट आहे, पहिले सहा महिने रोज १२० ओळी, शंकेची ओळही त्यात मोजतात. ऑफर आलीये, आत्ताच्या दीडपट. सोमवारपर्यंत कळवायचंय. सेटचा फॉर्म पण भरलाय, बाबांसाठी. आईला सांगितलंय की कंपनीत लायब्ररियन.

भोसरी_स्टोअर्स

ते सगळं छान, पण तो पाइप जीआय निघाला का पीव्हीसी?

कार्डकॅटलॉग_कोथरूड

विचारलं दादा. स्टोअरकीपर रजेवर आहे म्हणे.