शाळा मुलाला काढून टाकते तेव्हा: आठवीपर्यंतची बंदी दहावीपर्यंत न्यावी का?

धागाकर्ता
शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १६ स्पष्ट आहे: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा दिली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच ठेवली. विनाअनुदानित शाळाही यात येतात. तरी मुलं बाहेर पडतात, कारण हकालपट्टीचा कागद कुणी काढतच नाही. पालकांना बोलावून सांगतात, "दाखल्यावर वाईट शेरा नको असेल तर तुम्हीच अर्ज द्या." सही झाली की कागदोपत्री ती हकालपट्टी राहत नाही, पालकांनी आपणहून मूल काढलेलं असतं. म्हणून सही करू नका, लेखी आदेश मागा. आणि ही बंदी दहावीपर्यंत हवी. नववीत नाव कमी झालेलं मूल पुन्हा शाळेत येणं फार अवघड असतं.

मुख्याध्यापिका
साफ असहमत. एक मूल दुसऱ्यांना वारंवार जखमी करत असेल तर मार खाणाऱ्या मुलांचा हक्क कुठे गेला? कलम १६ला अपवादच नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, ते योग्यच आहे. पण मग शाळेने करायचं काय, यावर कायदा गप्प. समुपदेशक नेमायला पैसे कोण देणार? नववी-दहावीत शेवटचा उपाय म्हणून तरी हा अधिकार शाळेकडे राहू द्या.

धागाकर्ता
मॅडम, मार खाणाऱ्या मुलांची काळजी रास्तच आहे. पण तुकडी बदलणं, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणं, पालकांसोबत लेखी वर्तन-योजना करणं, हे हकालपट्टीआधीच करता येतं. गंभीर गुन्हा असेल तर निर्णय बाल न्याय मंडळाचा, शाळेचा नव्हे. आक्रमक वागण्यामागे न ओळखलेली अतिचंचलता किंवा ऐकू कमी येणं असू शकतं. तपासणी न करता काढलेलं मूल तोच त्रास घेऊन पुढच्या शाळेत जातं.

वकील
कलम १६ दाखवण्याआधी शाळा अल्पसंख्याक आहे का ते बघा. प्रमती खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, हा कायदा लागू नाही असं म्हटलं. तिथे आणि नववीपुढेही आधार नैसर्गिक न्यायाचा: आरोप लिहिलेली नोटीस, पुरावे बघायची संधी, सुनावणी, कारणांसह आदेश आणि चूक जेवढी तेवढीच शिक्षा. यातली एक पायरी गाळली तरी आदेश कोर्टात टिकणं कठीण. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहिलेल्या पण ते न गायलेल्या केरळच्या तीन मुलांना सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावलं. तेव्हा शिक्षण हक्क कायदा नव्हताच, निकाल संविधानावर उभा राहिला. त्यामुळे नववीतलं मूल अगदीच उघड्यावर आहे असं नाही. तरी बंदी वाढवायला माझाही पाठिंबा आहे, कारण प्रत्येकाला उच्च न्यायालय परवडत नाही.

पालक संघटनेतून
"सही करू नका" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) तक्रार निकाली काढायला तीन महिने आहेत, मग अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. तोवर सहामाही हातची जाते आणि ज्या वर्गात मूल नकोसं झालंय तिथेच ते बसतं. दुसरी शाळा मिळत असेल तर जावं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही.

वकील
जायचं तर जा, पण अर्जात "कौटुंबिक कारणास्तव" लिहू नका. "अमुक तारखेला शाळेने तोंडी सांगितल्यामुळे दाखला मागत आहोत, तक्रारीचा हक्क राखून" असं लिहा, प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शाळा पोच देत नसेल तर स्पीड पोस्ट. लढायचं असेल तर मूल रोज गणवेशात फाटकापर्यंत जायला हवं. अडवलं की त्याच दिवशी वेळेसह ईमेल. हे राहून जातं आणि मग शाळा हजेरीपट दाखवून "सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केलं" म्हणते. तक्रारीतच निर्णय होईपर्यंत वर्गात बसू देण्याची मागणी करा. विनाअनुदानित शाळेवर माहितीचा अधिकार थेट चालत नसेल, तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून तिची कागदपत्रं मागा.

मुख्याध्यापिका
दबाव टाकून अर्ज लिहून घेणं चूकच, त्याचं समर्थन नाही. पण दहावीपर्यंत बंदी आणायची तर तिच्यासोबत समुपदेशकाचं पदही मंजूर करा. नुसती बंदी आली तर शाळा असे अर्ज आणखी लिहून घेतील.

धागाकर्ता
पदाची मागणी मान्य, पण बंदी त्यासाठी थांबवायला नको. आठवीपर्यंत ती पदाशिवायच लागू झाली होती.