स्वर्गात समुद्र नसेल, हे शब्दशः घ्यायचं का?

खाडीकाठची
माहेर उत्तनचं, राहते ठाण्यात कोलबाडला. बाबांचा जन्म बोटीवर गेला. त्यांच्या मयताच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, पहिलं वाचन बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण २१ मधलं होतं, वाचलं मीच. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि समुद्र राहिला नव्हता. बाकावरून आईने मान वर करून बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, "दर्या नाय, तर तो तिथं काय करल?"

मावशीने "अगं, ते प्रतीक असतं" म्हणून विषय संपवला. पण तीनच ओळी पुढे देव डोळ्यांतले अश्रू पुसेल असं आहे, ते आम्ही सगळे घट्ट धरून बसलोय. नावडलं ते प्रतीक, आवडलं ते खरं? आईला गोड बोलून गप्प करायचं नाहीये. काय सांगू?

वाशीकर
ताई, लिहिलंय तर नाही म्हणजे नाही. वचन आपल्या सोयीने वाकवू नये. देव असेल, तेवढं पुरे.

खाडीकाठची
दादा, त्याच अध्यायात नगराला बारा वेशी आहेत आणि एकेक वेस एका अख्ख्या मोत्याची. समुद्र नसताना हे मोती कुठल्या कालवातनं काढले?

जुना वाचक
मोत्यांचा मुद्दा आवडला :)

बायबलचा लेखक कुठल्या प्रकारात लिहितोय ते आधी बघा, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सांगितलंय. प्रकटीकरण हा दृष्टान्त आहे, आणि त्यातला समुद्र जुन्या करारातून येतो. दानीएल ७ मध्ये चार श्वापदं समुद्रातून वर येतात, प्रकटीकरण १३ मध्येही तसंच. शिवाय प्रकटीकरण लिहिणारा योहान हे पाहतोय पात्म बेटावर, चहूकडून पाणी.

तुमच्या आईला मी एवढंच दाखवीन: २०:१३ मध्ये समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो. मग २१ मध्ये काय काय उरत नाही ते बघा. समुद्र, मरण, शोक, रडणं, कष्ट. समुद्र त्या रांगेत बसलाय. म्हणजे माणसं गिळणारा दर्या. तो कोळणीला वेगळा समजवायला नको. अश्रूंचा नियमही हाच: रुमालाचं चित्र सोडा, दुःख संपणार हा दावा धरा. दोन्हीकडे एकच फूटपट्टी लावली की झालं.

आता जुन्या करारातला यहेज्केल संदेष्टा, अध्याय ४७. मंदिरातून नदी निघून मृत समुद्रात जाते, खारं पाणी गोडं होतं, एन-गेदीपासून एन-एग्लाईमपर्यंत कोळी जाळी पसरतात. दलदलीची जागा मात्र मिठासाठी तशीच ठेवतात! प्रकटीकरण २२ ची जीवनाची नदी, दर महिन्याला फळ देणारं झाड, सगळं इथूनच आलंय. पण कोळी आणि जाळी योहानाने घेतलेली नाहीत. म्हणून 'बाबा तिथे जाळं टाकतील' असं बायबल सांगतं म्हणू नका. आशा धरायला कोणी अडवत नाही.

वाशीकर
एकच फूटपट्टी हे पटलं. प्रतीकाबद्दल अजून शंका आहे, पण ताईंना त्रास द्यायचा नव्हता.

खाडीकाठची
नाही हो, राग नाही.

आईला दोन्ही वाचून दाखवलं. गिळणारा दर्या म्हटल्यावर लगेच मान डोलावली, माझे दोन मामा वादळात गेलेत. मिठागर ऐकून म्हणाली, "मंग सुकवायची पण सोय हाय." पण योहानाने जाळी का गाळली, हे काही तिला पटलेलं नाही. वर्षाच्या मिस्साला फादरनाच धरणार आहे म्हणते.